पेंढारी ते पारधी : घाटाखालच्या मुलखातला गुन्हा आणि सरकार

नागपूरहून उत्तरेला निघाले की सावनेरनंतर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जातो. दुसरा बडचिचोली, पांढुर्णा करत मुलताईच्या पठारावर आणि पुढे बैतूलला. हा सगळा सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी मुलूख. देवगडच्या गोंड राजांनंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला, १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला, आणि १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला तेव्हा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्या माणसाला इथली संत्री माहीत असतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार माहीत असते, जामसावळीचा मारुती माहीत असतो. पण डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावर बसलेल्या या मुलखाने आणखी एक गोष्ट जवळून पाहिली आहे : नर्मदेच्या खोऱ्यातून उतरणाऱ्या लुटारूंच्या टोळ्या, हरून डोंगरात शिरणारे राजे आणि त्या दोघांना एकाच वहीत लिहिणारे सरकार.

त्या वहीची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे. पेंढारी, ठग आणि ‘गुन्हेगार जमाती’ हे तीन विषय आपण सहसा तीन वेगळ्या कप्प्यांत वाचतो. पेंढारी मराठेशाहीच्या अखेरच्या प्रकरणात भेटतात, ठग कादंबऱ्यांत आणि सिनेमात, आणि गुन्हेगार जमाती विमुक्त-भटक्यांच्या चळवळीत आणि आत्मकथनांत. घाटाखाली उभे राहून पाहिले तर मात्र हे एकाच प्रकरणाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात सरकारने लुटारूला त्याने काय केले यावरून ओळखले, दुसऱ्यात तो कोणाबरोबर हिंडतो यावरून, आणि तिसऱ्यात तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून. हे सरकणे साधारण १८१६ ते १९११ एवढ्या काळात झाले, आणि प्रत्येक पायरीवर सरकारकडे दाखवायला एक खरी भीती होती. ती भीती खरी होती म्हणूनच पायरी इतक्या सहज चढली गेली.

त्या भीतीपासूनच सुरुवात करू. पेंढारी हे मराठी फौजांच्या मागेपुढे चालणारे बिनपगारी घोडेस्वार. त्यांचे पोट लुटीवर, आणि त्या लुटीतला वाटा सरदाराच्या छावणीत जमा होई. शिंद्यांकडचे ते शिंदेशाही, होळकरांकडचे होळकरशाही. दसरा झाला, नद्यांना उतार मिळू लागला की टोळी बाहेर पडे. तंबू नाहीत, बाजारबुणगे नाहीत. स्वाराजवळ थोड्या भाकरी, घोड्यापुरते दाणे आणि लांब भाला. दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल मारून टोळी गावावर पडे आणि फौज येण्याआधी निघून जाई. पुरलेला पैसा काढून घेण्याची त्यांची एक रीत होती. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची, तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीवर मारायचे, म्हणजे श्वास घेताना राख छातीत जाते. मार्च १८१६ मध्ये त्यांनी थेट मद्रास इलाख्यातला गुंटूर प्रांत लुटला. कंपनी सरकारने नंतर केलेल्या चौकशीत ३३९ गावे लुटली गेल्याचे, १८२ माणसे मारली गेल्याचे, ५०५ जखमी झाल्याचे आणि ३,६०३ जणांचा छळ झाल्याचे नोंदले आहे. हे सारे बारा दिवसांच्या आत.

नागपूरकरांचा मुलूख तर पेंढाऱ्यांच्या वाटेवरच होता. १८११ मध्ये त्यांनी खुद्द नागपूरपर्यंत येऊन शहराचा एक पुरा जाळला. नागपूर भागाच्या इंग्रजी गॅझेटिअरने गावोगावच्या मातीच्या गढ्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. टोळी येतेय अशी हाक आली की गुरे-माणसे या गढीत शिरत. आज यांतल्या कित्येक गढ्यांचा नुसता पांढरा ढिगारा उरला आहे आणि त्याची माती लोक अंगणात टाकायला नेतात. गढी बांधायला गावाला किती राबावे लागले असेल याचा हिशेब केला, तर पेंढाऱ्यांना ‘इंग्रजांशी लढणारे वीर’ ठरवण्याची घाई कोणी करणार नाही. कुणब्याच्या घरातले धान्य नेताना त्यांनी धनी कोण आहे हे विचारले नव्हते.

पण हे स्वार इतके वाढले कशाने? डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्याला कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले. उत्पन्नाचा मोठा हिस्सा एका सहीने गेला. शिंद्यांचे आणि होळकरांचेही असेच झाले. ज्या राज्यांचा डोलारा फौजेवर उभा होता, त्यांना फौज पोसणे जमेना. सुटलेल्या शिपायाला घोडा आणि भाला सोडून दुसरे भांडवल नव्हते. रघूजीने तूट भरून काढायला रयतेला पिळले. धान्याच्या व्यापारापासून सावकारीपर्यंत हात घातला, आणि लोक त्याला ‘मोठा बनिया’ म्हणू लागले. पिळलेला कुणबी आणि सुटलेला शिपाई यांतले काही त्याच टोळ्यांत गेले. म्हणजे ज्या तहांनी कंपनीची सत्ता वाढवली, त्यांनीच पेंढाऱ्यांचीही भरती केली. आणि मे १८१६ मध्ये नागपूर दरबारावर तैनाती फौज बसवताना कारण कोणते दिले? पेंढाऱ्यांचा बंदोबस्त.

लूट आणि वसुली यांतली रेघही तेव्हा आजच्याइतकी ठळक नव्हती. भोसले निजामाच्या मुलखातून चौथ आणि घासदाणा घेत. देणाऱ्या गावाच्या नजरेतून पाहिले तर घासदाण्याला आलेला स्वार आणि लुटीला आलेला स्वार यांत फरक होता तो सनदेचा. कंपनी सरकारने केले ते एवढेच की, कोणाच्या हातची सनद खरी हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे घेतला. हा हक्क कसा वापरला गेला ते १८१७-१८ च्या मोहिमेत उघड दिसते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाहून अधिक फौज आणि सुमारे तीनशे तोफा बाहेर काढल्या. पेंढाऱ्यांची संख्या इंग्रजांच्याच अंदाजाने वीस-तीस हजार. एवढी फौज फक्त पेंढाऱ्यांसाठी नव्हती, हे पुढे पेशवाई, भोसले आणि होळकर यांचे काय झाले त्यावरून कळते. या मोहिमेत अमीरखान पठाण, ज्याच्या स्वारांनी राजपुतान्यापासून माळव्यापर्यंत मुलूख बेचिराख केला होता, तो तह करून टोंकचा नवाब झाला आणि त्याचे घराणे स्वातंत्र्यापर्यंत गादीवर राहिले. करीमखान पेंढारी शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल मुहंमदाने गाझीपूरला कैदेत विष घेतले. चितू शरण गेला नाही. असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला खाल्ले. चौघांचा धंदा एकच होता. शेवट मात्र कोणी कधी आणि कोणाशी तह केला यावर ठरला.

या मुलखाच्या दृष्टीने त्याहून बोलका दाखला नागपूरचा राजा आप्पासाहेब भोसले याचा आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांविरुद्ध सीताबर्डीची लढाई हरल्यावर तो शरण आला. मार्च १८१८ मध्ये कटाच्या आरोपावरून त्याला पकडून अलाहाबादकडे नेत असताना, जबलपूरजवळच्या मुक्कामातून मे महिन्यात तो शिपायाच्या वेषात निसटला आणि महादेवाच्या डोंगरात गेला. हर्रईचा चैनशहा आणि इतर गोंड जमीनदारांनी त्याला थारा दिला, अरब शिपाई येऊन मिळाले, चितू पेंढारीही आला. जुलै १८१८ मध्ये कॅप्टन स्पार्क्सची तुकडी बैतूलजवळ कापली गेली आणि काही काळ मुलताई बंडवाल्यांच्या हाती गेली. वर्षभरापूर्वी ज्याला ‘राजे’ म्हणून मुजरा होत होता, त्याच्या डोक्यावर इनाम लागले. त्याला भाकर देणारे गोंड जमीनदार आधी मांडलिक होते, आता सरकारी पत्रव्यवहारात लुटारू झाले. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब असीरगडाकडे निसटला, पुढे पंजाबात, आणि अखेर जोधपूरकरांच्या आश्रयाला. १८४० मध्ये तिथेच वारला. मुलताईच्या आसपास तेव्हा जे घडले त्याला बंड म्हणावे की दरोडा, याचे उत्तर नागपूरच्या रेसिडेन्सीत बसलेल्या रिचर्ड जेंकिन्सच्या कलमाने दिले. डोंगरातल्या माणसाला कोणी विचारले नाही. चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १८५८ मध्ये, तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच मुलताईला आला आणि नागपूरची वाट बंद दिसल्यावर पश्चिमेला वळला. त्याच्याही बाबतीत सरकारी भाषा हीच होती.

इथवर तरी एक मर्यादा होती. पेंढारी शत्रू होता. शत्रूशी लढता येते, तह करता येतो, त्याला जमीन देऊन बसवता येते. १८१८ नंतर शत्रू उरला नाही. उरली प्रजा, आणि तिच्यातला गुन्हेगार शोधायचा तर सीमेवर फौज उभी करून भागत नाही. इथे आपल्या घाटाच्या पलीकडे, नरसिंहपुरात, विल्यम स्लीमनचा प्रवेश होतो. १८२२ पासून तो या जिल्ह्याचा कारभार पाहत होता. पुढे त्याने लिहिले की, आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि एका मजलेवरच्या मंडेसरच्या आमराईत प्रवाशांची प्रेते पुरली जात होती, तरी आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. या कबुलीचा परिणाम मोठा झाला. समोरचा शांत, शेतसारा वेळेवर भरणारा माणूसही ठग असू शकतो, हे एकदा मान्य केले की कोणतेही गाव संशयापलीकडे राहत नाही.

वाटेवर प्रवाशांचे गळे आवळले जात होते, यात शंका नाही. नागपूर-जबलपूर रस्त्यावर लखनादौनसारख्या मुक्कामांच्या आसपास माणसे नाहीशी होत. सुट्टीवर घरी निघालेले शिपाई, सावकाराची रोकड नेणारे, यात्रेकरू. ते जिथले, तिथल्या लोकांना ते वाटेत आहेत असे वाटे. जिथे मेले, तिथे त्यांना कोणी ओळखत नसे. अशा खुनाला साक्षीदार मिळत नाही. स्लीमनने यावर माफीच्या साक्षीदाराचा उपाय काढला. पकडलेल्या ठगाला फाशीतून सूट, बदल्यात त्याने साथीदारांची नावे द्यायची आणि प्रेते पुरलेली जागा दाखवायची. दाखवलेल्या जागी हाडे सापडत, म्हणून साक्ष पक्की. पण शेकडो माणसांची नावे अशी गोळा होऊ लागली की, ज्याने नाव दिले त्याचा जीव नाव देण्यावर टांगलेला असे.

याला कायद्याचा आधार मिळाला १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने. त्याचे कलम वाचण्यासारखे आहे. ठगांच्या कोणत्याही टोळीत एखादा माणूस कधीतरी होता, कायदा होण्याआधी असो वा नंतर, कंपनीच्या हद्दीत असो वा बाहेर, एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी. कोणता खून, कोणाचा, कधी, कुठे, यांपैकी काहीही सिद्ध करण्याची गरज उरली नाही. दंड कृत्याला असतो, ही न्यायाची साधी समजूत इथे बाजूला ठेवली गेली आणि दंड सोबतीला लागला. १८३० च्या दशकात स्लीमनच्या ठगविरोधी खात्याने तीन हजारांवर माणसांचा निकाल लावला. त्यांतल्या चारशेंहून अधिक जणांना फाशी झाली, बाकीच्यांतले बहुतेक काळ्या पाण्यावर किंवा जन्मठेपेत गेले. माफीच्या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलाबाळांना जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू आणि सतरंज्या विणायला बसवले. १८४३ मध्ये हेच ‘टोळीत असणे’ दरोडेखोरांनाही लागू झाले.

या खात्याच्या कागदांतली एक गोष्ट पुढच्या टप्प्याचे बी ठरली. १८३६ मध्ये कलकत्त्याला छापलेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश तर दिलाच, पण ठग घराण्यांच्या वंशावळीही मांडल्या. बाप ठग, मुलगा ठग, दत्तक घेतलेला ठग, सोयरा ठग. साक्षीदारांच्या सांगण्यावरून तयार झालेल्या या वंशवेली पाहिल्या की खून हा कुळाचार वाटू लागतो. त्याच सुमारास सागरला फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या तिथल्या एका इंग्रज सर्जनाने एडिंबरोला पाठवल्या. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखणारी विद्या तेव्हा तिकडे जोरात होती. गुन्हा रक्तात असतो, हाडात असतो, ही कल्पना इंग्लंडात आणि युरोपात त्या शतकभर घोळत होती. इटलीत लोम्ब्रोसोने १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगारा’वर ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात मात्र त्या कल्पनेला जातीची तयार चौकट मिळाली. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, मग चोराचा मुलगा चोर का नसावा, असा तर्क १८७१ च्या कायद्याच्या वेळी सरकारी वर्तुळात गंभीरपणे मांडला गेला.

तो कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती अधिनियम. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये नवा कायदा सर्व प्रांतांसाठी झाला तेव्हा मध्य प्रांत त्याच्या कक्षेत आला. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना वर्दी द्यावी लागे. सरकारला वाटले तर अख्खी वस्ती तारेच्या कुंपणाआड नेता येई आणि मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवता येई. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत हे मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण.

यात कोण अडकले, हे पाहिले की कायद्याची नजर कळते. बंजारा तांडे शतकानुशतके बैलांवर मीठ आणि धान्य लादून सैन्याला आणि बाजाराला पुरवत आले. १८०३ च्या लढायांत इंग्रज फौजेनेही त्यांचेच धान्य खाल्ले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. धंदा गेलेला तांडा पोटासाठी हिंडू लागला, तेव्हा ते हिंडणेच संशयाचे कारण झाले. पारध्यांचेही तसेच. फासेपारधी हरणासाठी फास मांडत, चितापारधी चित्ता पाळून शिकार करत, टाकणकार गावोगाव जात्यांना टाकी लावून देत. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची दारे सरकारी झाली. कालपर्यंतची शिकार आजपासून चोरी ठरली. आर. व्ही. रसेलने १९०७ मध्ये छिंदवाड्याचे गॅझेटिअर तयार केले आणि १९१६ मध्ये हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. माहितीचा तो खजिनाच आहे. लग्न, देव, बोली, शिकारीची हत्यारे सगळे त्यात आहे. आणि अशा जमातींच्या प्रकरणांत गुन्ह्याची पद्धतही तितक्याच निर्विकारपणे नोंदली आहे, जणू तोही एक सण.

सत्तेला हवे तेव्हा ती रक्ताची गोष्ट विसरत असे, हेही लक्षात ठेवावे. खानदेशात १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली. कालपर्यंत ज्यांना जात्याच लुटारू म्हणत, त्यांच्याच खांद्यावर बंदुका देऊन त्यांच्याकडून मुलूख राखून घेतला. गुन्हा खरोखर हाडात असता तर हा प्रयोग कोणी केला नसता. उलट निमाडात तंट्या भिल्ल सावकारांना लुटून गरिबांना वाटतो म्हणून गावे त्याला वर्षानुवर्षे लपवत राहिली. १८८९ मध्ये तो पकडला गेला आणि ४ डिसेंबरला जबलपूरला फाशी गेला. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९५९ मध्ये ‘सामाजिक दरोडेखोर’ ही कल्पना मांडली : सरकारच्या लेखी गुन्हेगार, पण रयतेच्या लेखी आपला. तंट्या त्यात चपखल बसतो. पेंढारी मुळीच बसत नाहीत. ठग तर नाहीच नाही. सगळ्या लुटारूंना एकाच माळेत ओवण्याची चूक इंग्रजांनी केली, ती आपण उलट्या बाजूने करू नये.

या विषयावर वाचताना साधनांची एक अडचण सतत समोर ठेवावी लागते. पेंढाऱ्यांविषयी आपल्याला जे कळते ते माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या १८२३ च्या ग्रंथातून आणि जेंकिन्सच्या १८२७ च्या अहवालातून; दोघांनीही त्यांच्याविरुद्धच्या राजकारणात भाग घेतलेला. ठगाचा आवाज उरला आहे तो जबानीत, आणि ती जबानी फाशीच्या सावलीत दिलेली. पारध्याचा तर आवाजही नाही, नोंदवहीत नुसता अंगठा आहे. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत हेच कागद पुन्हा उघडून त्यांत काय लिहिले आहे याबरोबर ते कशासाठी लिहिले गेले हेही तपासले. ठग होतेच नाहीत, इंग्रजांनी ते रचले, इथपर्यंत काही जण गेले. वॅग्नर तसे म्हणत नाही. वाटेवर खून करणाऱ्या टोळ्या होत्या. पण देशभर पसरलेला, एका देवीच्या नावाने चालणारा, बापाकडून मुलाकडे उतरणारा खुनी पंथ हे चित्र बरेचसे कचेरीत तयार झाले. मला ही मधली वाट पटते, कारण आमराईतली हाडे खोटी म्हणता येत नाहीत आणि वंशावळी खऱ्या म्हणता येत नाहीत.

गावाच्या पातळीवर हे सारे चालवणारा माणूस इंग्रज नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मध्य प्रांतात गावाची राखण कोटवाराकडे असे. ठरल्या दिवशी ठाण्यावर जाऊन जन्ममृत्यूची नोंद द्यायची आणि गावात कोण परका आला, कोणाचे पाल पडले याची वर्दी द्यायची, हे त्याचे काम. मालगुजार आणि मुकद्दम त्याच्या वर. पाल टाकलेल्या कुटुंबाबद्दल ठाण्यात काय लिहिले जाणार हे या माणसांच्या तोंडच्या शब्दावर ठरे. चोरी झाली की आधी पाल झडायचे, ही सवय सरकारने लावली, पण गावाने ती आनंदाने उचलली. कारण त्यामुळे गावातल्या चोराकडे बोट दाखवायची वेळ येत नसे. वासाहतिक दृष्टी म्हणून आपण जिला नावे ठेवतो, तिच्यात आपल्या चावडीचाही वाटा आहे.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शंभराहून अधिक जमाती त्या दिवशी ‘विमुक्त’ झाल्या आणि लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावर ते व्यक्तीपुरते होते, पण ठाण्यातल्या जुन्या याद्या बदलल्या नाहीत. मध्य प्रदेशच्या १९८७ च्या तुरुंग नियमावलीत विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार धरण्याची मुभा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीय भेदभावावर निकाल दिला, त्यात अशा तरतुदी मोडीत काढल्या. १८३६ आणि २०२४ यांच्या मध्ये किती पिढ्या गेल्या, हे वाचकांनीच मोजावे.

आपल्या उंबऱ्याजवळचा दाखला याहून टोकाचा आहे. सप्टेंबर २००७ मध्ये मुलताईजवळच्या चौथिया गावात जमावाने पारध्यांची वस्ती पाडली आणि जाळली. शेजारच्या भागात एक भीषण गुन्हा घडला होता, संशय पारध्यांवर होता, आणि शिक्षा सगळ्या वस्तीला झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. काहींवर संशय आला म्हणून सगळ्यांची घरे, हा हिशेब १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या बंगालच्या नियमांतही होता : दरोडेखोराला फाशी, त्याच्या गावाला दंड आणि कुटुंब सरकारची गुलाम. आणि इथे एक नकाशाची गंमत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत छिंदवाडा जिल्ह्यातले पारधी आहेत, आणि ती यादी झाली तेव्हा पांढुर्णा छिंदवाड्यातच होता. बैतूल जिल्ह्यात मात्र ही मान्यता बैतूल, भैंसदेही आणि शाहपूर या तहसिलींपुरती, मुलताईचे नाव त्यात नाही. म्हणजे पांढुर्ण्याकडे राहणारा पारधी आदिवासी आणि तहसिलीची हद्द ओलांडून मुलताईला राहणारा त्याचा भाऊ सरकारच्या लेखी आदिवासी नाही. दाखल्यासाठी जमात तहसिलीच्या रेघेने मोजली जाते. संशयासाठी तिला कुठलीच रेघ लागत नाही.

म्हणून या विषयात शिरताना तीन प्रश्न हाताशी असावेत असे मला वाटते. समोरच्या कागदात माणसावरचा आरोप त्याच्या कृत्याचा आहे, सोबतीचा आहे की जन्माचा? आरोप लिहिणाऱ्याला तो सिद्ध करायचा होता, की नुसता नोंदवायचा होता? आणि ज्याचे घर लुटले गेले त्याला त्या कागदात किती जागा आहे? पेंढाऱ्यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न विचारला की त्यांचे वीरपण गळते. ठगांच्या बाबतीत दुसरा विचारला की पंथाची भव्य कथा गळते. पारध्यांच्या बाबतीत पहिलाच प्रश्न पुरतो.

या मुलखावर अशा रीतीने फारसे लिहिले गेलेले नाही. मराठीत विचार करणाऱ्यांनी नागपूरकडे पाहिले आणि भोपाळ-जबलपूरच्या हिंदी अभ्यासकांनी घाट उतरला नाही. साधने मात्र जवळ आहेत : नागपूरच्या अभिलेखागारातले रेसिडेन्सीचे कागद, मालगुजारांच्या घरांतल्या वह्या, जुन्या ठाण्यांची दफ्तरे, आणि गढी कोणी कोणाच्या भीतीने बांधली हे सांगणारी गावातली म्हातारी माणसे. पारध्यांच्या आणि बंजाऱ्यांच्या आठवणी तर अजून कोणी नीट बसून ऐकलेल्याही नाहीत, आणि पहिली गरज त्यांचीच आहे. नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्या आल्या, नवे शिक्के आले. जुन्या याद्या नव्या कपाटात हलवण्याआधी त्या कोणी, कशावरून केल्या होत्या, हे तपासण्याची एक संधी त्यात आहे. ती साधणे इतिहासकारांइतकेच तिथे नोकरीला बसणाऱ्या आपल्याच मुलामुलींच्या हाती आहे.